अक्षरजुळणी शिकायचीय? आधी तुमचं पान आणा, मग पुस्तक शोधू

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला विचारतं, "संगणकावर अक्षरजुळणी शिकायचीय, सुरुवातीला कोणतं पुस्तक घेऊ?" मी उलट विचारतो, "जुळवायचंय काय? ते पान आणलंय का?" बहुतेकांनी आणलेलं नसतं. मग चहा होतो, आणि पुढच्या वेळी ते पान घेऊन या, एवढंच सांगून मी त्यांना पाठवतो. दुसऱ्या भेटीत मी जे सांगतो, ते इथे लिहितो आहे.

मी स्वतः उलट बाजूनं सुरुवात केली होती. माझ्या मामांनी आयुष्यभर लिहिलेल्या अभंगांची छोटी पुस्तिका करायची होती. दुकानात जाऊन मी डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचं, सगळ्यात जाड पुस्तक आणलं. महिनाभर रात्री बसून त्यातले धडे केले. इंग्रजी बातमीपत्रं जुळवली, जाहिराती जुळवल्या. पण देवनागरीचा एकही शब्द त्या पुस्तकात नव्हता आणि कवितेच्या ओळी कशा ठेवायच्या याबद्दलही काही नव्हतं. शेवटी मजकूर कसाबसा टाइप करून मी प्रेसमध्ये नेला. तिथल्या संगणकावर माझा फाँट नव्हता, त्यामुळे पडद्यावर अभंगांऐवजी इंग्रजी अक्षरांचा ढीग दिसला. मामा शेजारी उभे होते. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून हे सगळं इतक्या तपशिलानं सांगतो.

पहिली पायरी: पान आणि त्याच्या पाठीवरच्या चार ओळी

तुम्हाला जे छापायचं आहे, त्यातलं सगळ्यात अवघड पान निवडा. सोपं पान कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये जुळतं, त्यावरून काही कळत नाही. त्या पानाच्या मागे पेन्सिलनं चार गोष्टी लिहा. एक, एकूण पानं किती होतील. दोन, पानावर मजकुराशिवाय काय आहे: तळटिपा, तक्ते, गणितं, फोटो, श्लोक? तीन, पुढच्या वर्षी हेच पुन्हा सुधारून छापायचं आहे का? चार, छापणार कोण, घरचा प्रिंटर की प्रेस?

माझ्याकडे आलेली तीन पानं सांगतो. नाशिकच्या पंचवटीतल्या एका काकूंना स्तोत्रांची पुस्तिका करायची होती: बत्तीस पानं, श्लोक आणि खाली अर्थ. म्हसरूळच्या एका मुलीचा पीएच.डी.चा मराठी प्रबंध होता: साडेतीनशे पानं, जवळजवळ प्रत्येक पानावर तळटीप, शेवटी संदर्भसूची. निफाडच्या एका तरुणाला द्राक्षबागेच्या फवारणीचं वेळापत्रक शेतकऱ्यांना वाटायचं होतं: रंगीत तक्ते, रोगट पानांचे फोटो, आणि दर हंगामात बदलणारा मजकूर. तिघांनी प्रश्न एकच विचारला, पण तिघांना एकच पुस्तक सांगितलं असतं, तर त्यातल्या दोघांचा महिना वाया गेला असता.

दुसरी पायरी: पानावरून सॉफ्टवेअर

प्रबंध, गणित, तळटिपा, सूची असलेलं लांब पुस्तक असेल, तर लाटेक. इथे पानावर माउसनं काही हलवायचं नसतं. हे प्रकरणाचं नाव, ही तळटीप, हे अवतरण, असं मजकुरात लिहून ठेवायचं आणि पान संगणकानं बांधायचं. तळटीप वाढली की पानं आपोआप सरकतात, अनुक्रमणिकेतले आकडे आपोआप बदलतात. याच्या पोटात जे टेक नावाचं इंजिन आहे, ते डोनाल्ड नूथ या संगणकशास्त्रज्ञानं तयार केलं. १९७७ मध्ये आपल्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं हाती आल्यावर त्याला ती अक्षरजुळणी पाहवली नाही, आणि त्यानं स्वतःच हे काम हाती घेतलं. त्यावर लेस्ली लॅम्पोर्टनं १९८० च्या दशकात लाटेक उभारलं. दोन्ही फुकट आहेत.

फोटो, रंग, तक्ते आणि पानागणिक वेगळी मांडणी असेल, तर स्क्रायबस किंवा इनडिझाइन. स्क्रायबस मुक्त आहे, इनडिझाइनला वर्गणी भरावी लागते. निफाडच्या तरुणाला मी स्क्रायबस सांगितलं. काकूंच्या बत्तीस पानांसाठी यातलं काहीच शिकायची गरज नव्हती. लिब्रेऑफिसचा रायटर आणि त्याची फुकट मिळणारी मार्गदर्शिका पुरली. लग्नपत्रिका आणि फ्लेक्ससाठी आपल्याकडे कोरलड्रॉ चालतं, पण त्यात पुस्तक जुळवायच्या फंदात पडू नका.

आणि पेजमेकर हे जुनं पानजुळणीचं सॉफ्टवेअर? ते शिकवणारी पुस्तकं अजून दिसतात, जुन्या ऑपरेटरचा हातही त्यावर बसलेला असतो. पण त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ साली. ते युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) ओळखत नाही. नवख्या माणसानं त्यावर आज एक रुपयाही खर्च करू नये.

तिसरी पायरी: पुस्तकाला मराठीची परीक्षा द्यायला लावा

ही पायरी लोक गाळतात, म्हणून हिच्यावर थोडं थांबतो.

युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचाच असतो. फाँट फक्त त्या अक्षरांच्या जागी काना, वेलांटी, अर्धा त असे तुकडे दाखवतो. फाँट काढला की खालचं रोमन उघडं पडतं. मामांच्या अभंगांचं हेच झालं होतं. युनिकोडमध्ये क म्हणजे क असतो, फाँट कुठलाही असो. विंडोज २००० बरोबर मंगल फाँट आला आणि घरच्या संगणकावर हे शक्य झालं. पण पान बांधणाऱ्या सॉफ्टवेअरना जोडाक्षरं नीट जुळवायला त्याहून बराच उशीर लागला, आणि पुस्तक निवडताना नेमक्या याच तारखा उपयोगी पडतात.

लाटेकच्या बाजूला झीटेक हे इंजिन २००४ मध्ये जॉनथन क्यूनं आणलं, तेव्हापासून युनिकोड देवनागरी थेट लिहिता येते. म्हणजे २००४ च्या आधीचं लाटेकचं पुस्तक कितीही उत्तम असलं, तरी युनिकोडमध्ये मराठी थेट कशी लिहायची हे ते सांगू शकत नाही. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय सीएस ६ पासून, २०१२ मध्ये आली. तिथे परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो, नाहीतर वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. पुस्तकाच्या सूचीत हा शब्द आहे का, ते पाहा. स्क्रायबसमध्ये अशा लिप्यांची जुळणी २०१७ च्या १.५.३ या चाचणी आवृत्तीत आली आणि सर्वांसाठीची स्थिर १.६ आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये. म्हणून स्क्रायबसचं २०१० च्या आसपासचं पुस्तक कुणी स्वस्तात दिलं, तरी मराठीसाठी ते घेऊ नका.

सॉफ्टवेअर उघडल्यावर पहिल्याच दिवशी हे शब्द टाइप करून पाहा: दऱ्या, ऱ्हास, कार्यकर्त्यांनी, उद्ध्वस्त, विठ्ठल, शक्ती, लाडू. दऱ्या आणि ऱ्हासमधला चंद्रकोरीसारखा र नीट यायला हवा, कार्यकर्त्यांनीमधले दोन्ही रफार आपापल्या अक्षरावर हवेत. ल आणि श मराठी वळणाचे दिसतात की हिंदी वळणाचे, तेही पाहा. बऱ्याच फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, पण भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय मराठी वळण दिसत नाही. फाँटसाठी पैसे मोजायची गरज नाही. टिरो देवनागरी मराठी नावातच मराठी घेऊन आलेला आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका संस्कृतासह लांब मजकुराला छान चालतो. 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता शीर्षकांना आणि तक्त्यांना.

चौथी पायरी: प्रत्यक्ष पुस्तकं

लाटेकपुरतं बोलायचं तर पहिलं पुस्तक विकत घेऊच नका. टोबियास ओटिकर आणि सहकाऱ्यांची 'द नॉट सो शॉर्ट इंट्रोडक्शन टू लाटेक' ही पुस्तिका मुक्त परवान्यावर मिळते आणि अनेक भाषांत तिचे अनुवाद झाले आहेत. टेक लाइव्ह (टेक, लाटेक आणि त्यांची साधनं एकत्र देणारा संच) पूर्ण बसवलं असेल, तर ती तुमच्या संगणकावर आधीच आहे. टर्मिनलमध्ये (आदेश टाइप करायच्या खिडकीत) टेक्सडॉक हा आदेश देऊन पुढे एल-शॉर्ट लिहा (एल आणि शॉर्ट जोडून, मधे रेघ नको), ती उघडेल. तिच्या उपशीर्षकात इतक्या इतक्या मिनिटांत लाटेक शिका, असं म्हटलेलं असतं. ती मिनिटं नुसत्या वाचनाची आहेत. हातानं करत गेलात तर दोन आठवडे धरा आणि उशीर होतोय म्हणून खचू नका.

मराठी माणसासाठी आणखी दोन गोष्टी आहेत, आणि त्या कमी लोकांना माहीत असतात. टेकच्या सीटॅन या सार्वजनिक भांडारात लाटेक-एमआर नावाची मार्गदर्शिका आहे. लाटेक आणि पॉलिग्लॉसिया हे भाषांसाठीचं पॅकेज (लाटेकला जोडायचा तयार भाग) वापरून मराठी व इतर भारतीय भाषा कशा लिहायच्या, एवढाच तिचा विषय. दुसरं म्हणजे लर्नलाटेक डॉट ऑर्ग. तिथले छोटे धडे मराठीतही आहेत आणि प्रत्येक धड्यातलं उदाहरण तिथल्या तिथे चालवून पाहता येतं. इंग्रजीची धास्ती असणाऱ्यांना मी इथूनच सुरुवात करायला लावतो. ज्यांना ऐकत शिकणं जमतं, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लाटेकची मालिका आहे.

विकत घ्यायचंच असेल, तर स्टेफान कॉटविट्झचं 'लाटेक बिगिनर्स गाइड', पण २०२१ ची दुसरी आवृत्तीच. पहिली २०११ ची आहे आणि मधल्या दहा वर्षांत बरंच बदललं. लॅम्पोर्टचं मूळ पुस्तक, दुसरी आवृत्ती १९९४, अतिशय नितळ लिहिलेलं आहे. लाटेक असं का वागतं, हे त्याच्याइतकं कुणी समजावलेलं नाही, पण साल पाहा आणि मराठीची अपेक्षा ठेवू नका. तिरुवनंतपुरमच्या इंडियन टेक यूजर्स ग्रुपनं २००३ मध्ये काढलेला प्रायमर गणितासाठी अजूनही चांगला. नूथचं 'द टेकबुक' मात्र नवख्यानं उघडू नये. ते थोर पुस्तक आहे, पण तो रस्ता इंजिनाच्या आत जातो. आणि 'द लाटेक कंपॅनियन', ज्याची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये दोन जाड भागांत आली, ते अडलं की उघडायचं पुस्तक आहे, पहिल्या पानापासून वाचायचं नव्हे.

जुनं पुस्तक ओळखायची माझी एक खूण: उदाहरणातल्या पहिल्या चार-पाच ओळींत इनपुटएन्क नावाचं पॅकेज दिसलं, तर पुस्तक बहुधा २०१८ पूर्वीचं. त्या वर्षी एप्रिलमध्ये लाटेकनं युटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवायची पद्धत) हेच गृहीत धरायला सुरुवात केली आणि ती ओळ लागेनाशी झाली. ठळक अक्षरांसाठी नुसतं उलटी तिरकी रेघ आणि बीएफ असं शिकवत असेल, तर ते पुस्तक त्याहूनही फार जुन्या वळणाचं. चित्रं फक्त ईपीएस या जुन्या स्वरूपातच द्या म्हणत असेल, तर खाली ठेवा.

इनडिझाइनसाठी अडोबीची 'क्लासरूम इन अ बुक' मालिका आहे. धडे क्रमानं आणि सरावाच्या फायलींसकट. महाग आहे, तेव्हा एखाद-दुसरं वर्ष जुनी प्रत चालेल, मूलभूत गोष्टी फारशा हलत नाहीत. मराठीत डीटीपीची म्हणून जी पुस्तकं मी चाळली, त्यांत तीन-चार सॉफ्टवेअर एकाच मुठीत कोंबलेली होती आणि प्रत्येकाच्या मेनूचं भाषांतर दिलेलं होतं. फाइल, ओपन, सेव्ह कळायला पुस्तक लागत नाही. पुस्तकाच्या सूचीत स्टाइल, मास्टर पान (अनेक पानांना लागू होणारा साचा; नव्या इनडिझाइनमध्ये पेरेंट पान), तळटीप आणि अनुक्रमणिका हे चार शब्द शोधा. चारही नसतील, तर ते पुस्तक पान जुळवायला शिकवत नाही.

पाचवी पायरी: नाशिकमध्ये हे कुठे शोधायचं

महात्मा गांधी रस्ता आणि मेन रोडच्या दुकानांत जास्त माल अभ्यासक्रमाच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचा. अक्षरजुळणीचं पुस्तक मागवून घ्यावं लागतं. मागवताना नुसतं नाव सांगू नका. आवृत्ती आणि साल चिठ्ठीवर लिहून द्या, नाहीतर जुनी प्रत गळ्यात पडते. मागवण्याआधी प्रकाशकाच्या संकेतस्थळावर अनुक्रमणिका आणि नमुन्याचं प्रकरण वाचून घ्या. पुण्याला जाणं होणारच असेल, तर अप्पा बळवंत चौकात अर्धा दिवस ठेवा. तिथे पुस्तक हातात घेऊन उघडता येतं, त्याची सर कशालाच नाही.

अभियांत्रिकी महाविद्यालयात ओळखीचं कुणी शिकत किंवा शिकवत असेल, तर त्यांच्या ग्रंथालयात पाहायला सांगा. ड्यूईच्या वर्गीकरणात अक्षरजुळणी ६८६.२२ या अंकाखाली येते. संगणकाची पुस्तकं मात्र ००५ आणि ००६ च्या रांगेत असतात, आणि लाटेकची पुस्तकं कधी या रांगेत कधी त्या रांगेत लावलेली सापडतात. दोन्हीकडे पाहा. प्रबंधवाल्या मुलीचं पुस्तक असंच सापडलं, रासायनिक अभियांत्रिकीतल्या तिच्या भावाच्या कार्डावर.

आता एक गोष्ट जी पुस्तकांच्या यादीत बसत नाही, पण मी सगळ्यांना करायला लावतो. सार्वजनिक वाचनालयात जा. आपल्या गावचं हे वाचनालय १८४० पासूनचं आहे. तिथे सॉफ्टवेअरचं पुस्तक मागू नका. खिळे जुळवून छापलेली, साठ-सत्तर वर्षांपूर्वीची दोन-तीन मराठी पुस्तकं मागा, आणि सोबत पट्टी घेऊन बसा. समास किती सोडलाय? प्रकरण पानाच्या कितव्या भागात सुरू होतं? संवाद कसे मोडलेत? विशेषतः दोन ओळींमधलं अंतर मोजा. सॉफ्टवेअरची पुस्तकं रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात आणि दहा पॉइंटच्या अक्षराला बारा पॉइंटची ओळ पुरे म्हणतात. आपल्याकडे वर रफार, मात्रा आणि वेलांटी, खाली उकार आणि ऋकार. त्या हिशेबानं ओळी एकमेकींच्या अंगावर येतात. मी बारा पॉइंटला अठरापासून सुरुवात करतो आणि मग डोळ्यांना विचारतो. हे कुठलंच सॉफ्टवेअरचं पुस्तक तुम्हाला सांगणार नाही, ती जुनी पानं सांगतात.

त्यानंतर एक फेरी प्रेसची. नाशिकला छपाई नवी नाही. नाशिकरोडला नोटा आणि मुद्रांक छापणाऱ्या प्रेस १९२० च्या दशकातल्या आहेत. तिथे अर्थातच कुणी आत घेणार नाही, पण शहरातल्या छोट्या प्रेसवाल्याकडे लग्नसराई टाळून दुपारी गेलात, तर तो मनापासून बोलतो. त्याला विचारा: फाइल कोणती चालते, फर्मा (एका तावावर एकत्र छापली जाणारी पानं) किती पानांचा धरता, डेमी आकाराचं नेमकं माप काय घेता, चित्र कडेपर्यंत जाणार असेल तर बाहेर किती मिलिमीटर सोडू. उत्तरं त्याच पेन्सिलीनं पानाच्या पाठीवर लिहा. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात छपाईची तयारी म्हणून जे येतं, ते मग दोन वाचनांत समजतं.

सहावी पायरी: पुस्तक हाती आल्यावर

बसवण्यात पहिला दिवस जाऊ द्या. टेक लाइव्ह कित्येक जीबींचं आहे, घरचं नेट संथ असेल तर ओळखीच्या कुणाकडून पेनड्राइव्हवर आणा किंवा सुरुवातीला ओव्हरलीफ या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच काम करा. तिथे मेनूत कंपायलर बदलून झीलाटेक (झीटेकवर चालणारं लाटेक) निवडायला विसरू नका. पॉलिग्लॉसियाला मुख्य भाषा मराठी आहे असं सांगितलं की शब्द ओळीच्या टोकाला कुठे तोडायचा हेही त्याला कळतं. टेकमध्ये मराठीचे शब्दतोडीचे नियम आहेत. आपले शब्द लांब, त्यामुळे ते नसतील तर ओळीत भोकं पडतात. पानांचे आकडे देवनागरीत हवे असतील, तर तेही तिथेच एका पर्यायानं होतं.

धडा वाचला की पुस्तकातलं उदाहरण एकदा जसंच्या तसं करा, आणि लगेच तीच गोष्ट तुमच्या पानावर करा. तळटिपांचा धडा झाला की स्वतःच्या पानावरची तळटीप. तक्त्याचा धडा झाला की फवारणीचा तक्ता. तुमच्या पानावर जे नाही त्याचा धडा सरळ ओलांडा, लाज वाटून घेऊ नका. प्रबंधवाल्या मुलीनं चित्रांचं प्रकरण उघडलंच नाही. निफाडच्या तरुणानं तळटिपा अजून पाहिलेल्या नाहीत, आणि त्याचं वेळापत्रक दोन हंगाम वाटून झालं आहे.

चूक आली तर संदेशातली पहिली ओळच वाचा. खालच्या पन्नास ओळी बहुतेक वेळा तिच्याच पोटातून आलेल्या असतात. आणि दर संध्याकाळी फाइलची एक प्रत तारीख घालून ठेवा.

पान पूर्ण झालं की कागदावर छापा. पडद्यावर चुका दिसत नाहीत. मराठी बारकाईनं वाचणाऱ्या कुणाच्या तरी हातात ते आणि लाल पेन द्या, शेजारी बसू नका. दुरुस्त्या परत आल्या की पान उलटं करा आणि पेन्सिलनं लिहिलेल्या चार गोष्टींपैकी कुठली राहिली, ते बघा. जी राहिली असेल, तिच्यासाठी दुसरं पुस्तक शोधायचं. तोवर पहिलंच पुरेल.